मिटल्या डोळ्यांना उलट बोलता येत नाही

मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं. मावशी बिड्या वळत होत्या आणि आम्ही चौघं समोर सतरंजीवर बसलो होतो. त्यांचा तरणा मुलगा जाऊन महिना झाला होता. आमच्यातल्या वडीलधाऱ्या बंधूंनी पवित्र शास्त्र उघडलं आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं, सगळ्यांना पाठ असलेलं वचन वाचलं. देव सगळ्यातून भलंच घडवतो, हे समजावून सांगितलं. दुसऱ्यांनी यिर्मया वाचला. मग प्रार्थना झाली, चांगली पंधरा मिनिटं. मावशी दर थांब्याला ‘आमेन’ म्हणत होत्या. डोळे मिटलेले होते, पण बोटं थांबली नव्हती. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा.

सगळे उठले. मी चपला घालताना मागे रेंगाळले. मावशी म्हणाल्या, “बाई, आमेन म्हणून म्हणून घसा सुकला बघा. बसा जरा, च्या टाकते.” चहा उकळत असताना, माझ्याकडे पाठ करून, त्यांनी सांगितलं की गेले आठ दिवस त्या रात्री उठून मागच्या मळ्यातल्या विहिरीपर्यंत जातात. कठड्यावर बसतात आणि कोंबडा आरवायच्या आत परत येतात.

पाऊण तास आम्ही चौघं त्या घरात होतो. चहा टाकला नसता तर ती विहीर आम्हाला कधीच कळली नसती.

ओळख पटेल ते सगळं मी बदललं आहे, आणि मावशींना विचारूनच हे लिहिते आहे. लिहायचं कारण असं की सिन्नर-नाशिक पट्ट्यातल्या आपल्या घरगुती प्रार्थनासभांत आणि उन्हाळी शिबिरांत एकच मत वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं: वचन हाताशी असताना समुपदेशक कशाला, गुडघे टेकता येतात तर गोळी कशाला. उदास आहेस म्हणजे विश्वास कमी पडतोय. झोप येत नाही म्हणजे कुठलं तरी पाप कबूल करायचं राहिलंय. हे बोलणारे बहुतेक भले लोक आहेत, मध्यरात्री हाक मारली तर धावत येणारे. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. वाईट माणसाचं चुकीचं मत कुणी फारसं मनावर घेत नाही. भल्या माणसाचं चुकीचं मत मात्र लोक उशाशी घेऊन झोपतात.

या मताला पुस्तकी आधारही आहे. अमेरिकेतले जे अॅडम्स यांनी १९७० साली ‘कॉम्पिटंट टू काउन्सेल’ या पुस्तकात मांडलं की ज्या अडचणींच्या मुळाशी शरीराचा आजार नाही त्या बहुतांशी पापातून येतात आणि बायबल जाणणारा पाळक त्या सोडवायला समर्थ आहे. शरीराचा आजार असेल तर डॉक्टर हवा, हे अॅडम्स यांनाही मान्य होतं. आपल्याकडे पोचेपर्यंत ती अट वाटेतच गळून पडली.

मी पवित्र शास्त्र बाजूला ठेवा म्हणत नाही. ते नीट वाचा म्हणते.

राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय घ्या. कर्मेल डोंगरावर विजय मिळवून आलेला एलीया ईजबेलीच्या धमकीने पळतो. वाळवंटात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडुपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. ज्याच्या प्रार्थनेने आदल्याच अध्यायात आकाशातून अग्नी उतरला, त्याच माणसाचं हे मागणं आहे. विश्वास कमी म्हणून उदासी येते असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे थांबून विचार करावा. देव त्याला काय देतो? झोप. मग दूत येऊन त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर असते, पाण्याची सुरई असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येतो, पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही हे देवाला दिसतं. उपदेश एकही नाही. चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर देव बोलायला लागतो तोही प्रश्न विचारून. एलीया गाऱ्हाणं मांडतो. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, एलीया तेच गाऱ्हाणं त्याच शब्दांत पुन्हा मांडतो, आणि ‘हे तू मघाशीच सांगितलंस’ असं देव म्हणत नाही. ज्यांनी दुःखी माणसापाशी बसून तीच हकिकत दहाव्यांदा ऐकली आहे त्यांना या पुनरुक्तीची किंमत कळेल. शेवटी त्याला काम मिळतं आणि अलीशा नावाचा सोबती मिळतो.

आता ईयोबाचे मित्र पाहा. त्यांच्याबद्दल आपण फार सहज वाईट बोलतो. त्यांनी एक गोष्ट आपल्यापेक्षा चांगली केली: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. आम्हाला मावशींपुढे सात मिनिटं गप्प बसवलं नाही. मित्र तोंड उघडतात आणि तिथून बिघडतं. पण काय बोलतात ते? देव न्यायी आहे, तो अहंकाऱ्यांना खाली आणतो, त्याची शिक्षा नाकारू नकोस. यातली कितीतरी वाक्यं खरी आहेत. इतकी खरी की अलीफजाचं एक वाक्य पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात शास्त्र म्हणून उद्धृत केलं आहे. तरी शेवटच्या अध्यायात देवाचा राग त्याच अलीफजावर आणि त्याच्या दोघा मित्रांवर आहे, आणि ज्याने देवाशी भांडण केलं त्या ईयोबाला त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. खरं वाक्य चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी सांगितलं की देवाला ते खोटं वाटतं, असा याचा अर्थ मी घेते.

आणि मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तर मंदिराच्या शिरोभागी उभं राहून वचन सांगणारा सैतान आहे. त्याने वापरलेलं एक्याण्णवावं स्तोत्र आपण प्रवासाला निघताना म्हणतो. शब्दांत चूक नव्हती. समोरच्या माणसाला ढकलण्यासाठी ते शब्द वापरले होते. वचन कुणाच्या तोंडून, कशासाठी येतं, हे येशूने पाहिलं, मग आपण पाहिलं तर अविश्वास कसा?

शेजारच्या वाडीत कुणी भगताकडे गेलं, देवऋषीकडून ताईत आणला, की आपल्याला वाईट वाटतं. मग आजाऱ्याच्या उशाखाली वचनाची चिठ्ठी ठेवून ‘रोज एकवीस वेळा म्हण, औषध बंद कर’ सांगणं हे काय आहे? तो वचनाचा ताईतच झाला. दर घरात वाचलं जाणारं यिर्मयाचं ते वचन, देवाच्या मनात आपल्याविषयी हिताच्या योजना आहेत हे सांगणारं, बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या लगेच आधीच्या वचनात सत्तर वर्षं थांबावं लागेल असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याहून आधी घरं बांधा, बागा लावा, तिथेच संसार करा असं सांगितलं आहे, आणि लवकरच सगळं ठीक होईल म्हणणाऱ्या संदेष्ट्यांवर विश्वास ठेवू नका अशी ताकीद आहे. मुलगा गमावलेल्या आईला त्यातलं एकच वाक्य कापून देणं म्हणजे यिर्मयाने ज्यांच्यापासून सावध केलं त्यांच्या पंक्तीत जाऊन बसणं. सत्तर वर्षांसकट ते पत्र वाचलं असतं तर मावशींना कदाचित आधार झाला असता. दुःख लांबणार आहे हे देवाला ठाऊक आहे, एवढं तरी त्यातून कळलं असतं.

वचनाबद्दल एवढं. प्रार्थनेबद्दल बोलणं मला जड जातं, कारण तिथे मला स्वतःला लागलं आहे.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला झोप येईना. बाळ रडलं की हात उचलावासा वाटे आणि मग स्वतःचीच भीती वाटे. हे मी एका प्रार्थना करणाऱ्या भगिनीला सांगितलं, फक्त तिला. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली: प्रभू, हिला कृतज्ञ मन दे, हिच्यातला कुरकुर करणारा आत्मा काढून टाक, हिला आईचं काळीज दे. मी डोळे मिटून ऐकत होते. ती बोलत देवाशी होती, पण प्रत्येक वाक्य मला ऐकवण्यासाठी होतं. तेच तिने डोळे उघडे ठेवून मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, ताई, असं नाहीये, माझं ऐकून घ्या. प्रार्थना चालू असताना मधेच तसं कोण म्हणणार? मिटल्या डोळ्यांना उलट बोलता येत नाही. त्यात शेवटी ‘आमेन’ म्हणायचं असतं, म्हणजे आपल्यावरच्या आरोपावर आपणच सही करायची असते.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर तीन जणींनी मला बाजूला घेऊन ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय’ असं सांगितलं. माझी गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून फिरली होती. आता तर फोनवरच्या गटात असे विषय मिनिटात शंभर घरांत जातात, नाव आणि आजारासकट, खाली हात जोडलेली चित्रं. कुणाची चुगली केली तर आपल्याला टोचणी लागते. चुगलीला प्रार्थनेचं नाव दिलं की टोचणी लागत नाही, म्हणून ती जास्त घातक आहे. त्यानंतर मी मंडळीत तीन महिने कुणाला काही सांगितलं नाही. एका नात्यातल्या नर्सने मला ओढून मोहदरी घाट उतरून नाशिकला डॉक्टरांकडे नेलं. औषध सुरू झालं, काही आठवड्यांनी झोप आली. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, त्याला नाव आहे, उपचार आहे, हे कळलं त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. पुन्हा स्वतःहून प्रार्थना करायला मला वर्ष लागलं. औषधाने माझा विश्वास गेला नव्हता. तो त्या हात ठेवून केलेल्या प्रार्थनेने गेला होता.

याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय माझ्याविरुद्ध नेहमी पुढे केला जातो: कोणी आजारी असेल तर वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी. जरूर करावी. पण तिथलं क्रियापद बघा. आजाऱ्याने वडिलांना बोलवावं असं लिहिलं आहे. वडिलांनी घरात शिरावं असं नाही. बोलावणं आजाऱ्याच्या हातात आहे. दोनच वचनं पुढे पापं एकमेकांजवळ कबूल करण्याची गोष्ट आहे. एकमेकांजवळ. एकाने कबुली द्यायची आणि दुसऱ्याने न्यायाधीश व्हायचं ही रचना याकोबाला माहीत नाही. आणि तेल हे त्या काळचं औषध होतं. चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, उतारशाळेचे पैसे दिले. तो काही वचन म्हणाला असेल तर लूकने ते नोंदवलेलं नाही, आणि लूक स्वतः वैद्य होता. यरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी येशूने आधी त्याला विचारलं, तुझ्यासाठी मी काय करू? जे उघड दिसत होतं तेही त्याने गृहीत धरलं नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेलाही हे कळत होतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या बाईला मधल्या वर्षांत किती सोसावं लागलं हे त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पण त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी आल्या, आणि म्हणूनच टिळकांच्या पश्चात अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याची ताकद त्यांच्यात होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आत्मिक जागरण झालं त्याची साक्ष आजही मोठ्या अभिमानाने दिली जाते. पण पंडिता रमाबाईंच्या त्याच आवारात माग होते, छापखाना होता, अंध मुलींना शिकवण्याची सोय होती. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना तिथे आधी अन्न मिळालं, अंगभर कपडा मिळाला. मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणणाऱ्या बाईला वचनाचं महत्त्व कळत नव्हतं असं कुणी म्हणणार आहे का? मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडलं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका बनवलं. प्रार्थना करणाऱ्या लोकांनीच हे उभं केलं.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात खरा मुद्दा, आणि तो मी मान्य करते. आमच्याकडे औद्योगिक वसाहतीत कंत्राटी पाळी करणाऱ्याने पाळी बुडवून नाशिकला समुपदेशकाकडे कसं जावं? हजार बिड्यांच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईने दर आठवड्याची फी कुठून आणावी? राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला. पाळक गल्लीत राहतो, पैसे घेत नाही, रात्री दोनला दार उघडतो. गरिबासाठी पहिलं आणि बऱ्याचदा एकमेव दार तेच. बरोबर आहे. पण याच कारणाने त्या दारात बसलेल्या माणसाला शिकावं लागेल. जामखेडच्या बायका नाडी, ताप, अडलेलं बाळंतपण ओळखायला शिकल्या. मग तीन वर्षं ईश्वरविज्ञान शिकलेल्या पाळकांना नैराश्य आणि दुःख यांतला फरक, आवाज ऐकू येणं, न झोपता बडबड वाढणं, मरणाचा विचार ओळखायला का शिकता येऊ नये? ‘मरावंसं वाटतं का?’ हा प्रश्न सरळ विचारता येतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मोफत चालू आहे. चर्चच्या फळ्यावर गीतांचे क्रमांक लिहितो त्याच्या शेजारी हा एक कायम राहू शकतो.

आत्महत्येबद्दल तर आपल्या तोंडून फार क्रूर बोललं जातं. प्रयत्न करून वाचलेल्या मुलीला ‘हे क्षमा न होणारं पाप आहे’ असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. शास्त्रात शौल आहे, अहिथोफेल आहे, यहूदा आहे. त्यांच्या मरणाला क्षमा नाही असं एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही. देशाचा कायदासुद्धा पुढे गेला: मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ चं ११५ वं कलम अशा माणसावर तीव्र ताण होता असं गृहीत धरतं आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी म्हणतं. कायद्यात जेवढी दया आहे तेवढी तरी मंडळीत हवी.

मार खाणाऱ्या बाईला इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय बाविसाव्या वचनापासून वाचून दाखवणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे: एकविसावं वचन का सोडता? तिथे सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन व्हायचं आहे. आणि तिला ‘प्रार्थनेने तो बदलेल’ सांगून परत पाठवण्याआधी आजची रात्र ती कुठे झोपणार आहे हे विचारा. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला संरक्षण अधिकारी दिला आहे.

दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही माझं भांडण आहे, पण ते छोटं आहे. काही शिकलेले समुपदेशक देवाचं नाव निघालं की वहीत काहीतरी लिहितात आणि विषय बदलतात. मावशींना देवाचाच राग आला होता. तो राग खोलीबाहेर ठेवून त्यांच्याशी बोलणं शक्यच नव्हतं. अमेरिकेतले पाळक अँटन बॉइसन स्वतः मनोरुग्णालयात राहून आले आणि १९२५ पासून त्यांनी पाळकीचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मनोरुग्णालयातच शिकवायला नेलं, आजारी माणूस हाही ग्रंथासारखा मन लावून वाचायचा असतो असं सांगून. ते मला पटतं. शास्त्र आणि माणूस दोन्ही वाचता यायला हवेत.

मी आता काय करते ते सांगते. वचन आधी काढत नाही. माणूस स्वतःहून एखादं म्हणाला तर ते त्याला कुठून मिळालं, कुणी दिलं, ते ऐकून बरं वाटतं की धाक वाटतो, हे विचारते. प्रार्थना करू का असं विचारते, आणि ‘नको’ म्हणायला जागा राहील अशा आवाजात विचारते. ‘हो’ आलं तर काय मागू तेही विचारते आणि तेवढंच मागते, चार वाक्यांत. डोळे मिटायची सक्ती नाही. ऐकलेलं घराबाहेर नेत नाही. फक्त जिवाला धोका असेल तर नेते, आणि तेही सांगून.

मावशींच्या विहिरीचं कळलं त्या रात्री त्यांच्या बहिणीला मुक्कामाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या सुरू झाल्या, शिव्याही सुरू झाल्या, देवाला. मी ऐकत राहिले. दोन महिन्यांनी एका दुपारी पानं कापता कापता त्यांनी विचारलं, “बाई, शास्त्रात माझ्यासारखं कुणी आहे का? एलीयाचं नका सांगू, त्याला दूत आला.”

मी म्हटलं, आहे. वाचू का?

“वाचा.”

मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. रात्रंदिवस ओरडणाऱ्या, उत्तर न मिळालेल्या माणसाचं ते स्तोत्र आहे आणि ते अंधारातच संपतं. मावशींची कात्री थांबली होती.

“मंग? पुढं?”

“पुढे नाही काही. इथेच संपतं.”

“असं आहे पुस्तकात? काढून नाही टाकलं कुणी?”

“नाही.”

त्यांनी कात्री सुपात ठेवली. पदराने हात पुसले.

“परत वाचा,” म्हणाल्या.